जुन्या छोट्या स्पोर्ट्स कार पलटी झाल्या तर काय होतं, आणि रोल बार घ्यायचा की रोल केज

एमजीबी, एमजी मिजेट, ऑस्टिन-हीली स्प्राइट, ट्रायम्फ स्पिटफायर, यातल्या कुठल्याही इंग्लिश गाडीत टप खाली करून बसलेल्या माणसाचा बाजूने काढलेला फोटो बघा. अख्ख्या गाडीत सगळ्यात उंच काय दिसतं? माणूस जरा उंच असेल तर त्याचं डोकंच. पुढच्या काचेची फ्रेम त्याच्या लेव्हलला नाहीतर थोडी खाली, आणि डोक्यामागे काहीच नाही. एमजीबीच्या काचेची फ्रेम अॅल्युमिनियमची आहे आणि बोल्ट लावून बसवलेली आहे, ती वारा अडवायला केलीय, गाडीचं वजन उलटं पेलायला नाही, पलटी झाली की ती दुमडते. आणि हे काही दुर्मिळ गाड्यांचं नाही, एमजीबी १९६२ ते १९८० एवढी वर्षं बनली, कूपे वगैरे धरून पाच लाखांहून जास्त, आणि इंग्लंड-अमेरिकेत आजही लोक रविवारी ती घेऊन फिरायला निघतात.

आता पहिला प्रश्न, या गाड्या सहज पलटी होतात का? नाही होत. याचा एक साधा हिशोब आहे, अमेरिकेची एनएचटीएसए ही सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था गाड्यांना पलटीचं रेटिंग देताना तोच वापरते, नाव आहे स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर घ्यायचं आणि गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागायचं, बस. मिजेटच्या चाकांमधलं अंतर साधारण १.१७ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४५ सेंटीमीटर वर धरू, म्हणजे १.१७ भागिले ०.९०, आला १.३. अर्थ असा की सपाट डांबरी रस्त्यावर नुसत्या वळणाने ही गाडी उलटवायची तर तिच्या वजनाच्या १.३ पट जोर आडवा लागणार, आणि रस्त्यावरच्या टायरला एवढी पकड नसते, आजचा चांगला टायर साधारण गाडीच्या वजनाएवढा आडवा जोर धरतो, १९६० च्या दशकातला टायर त्याहून बराच कमी. म्हणजे गाडी उलटायच्या आधी घसरते. उंच एसयूव्ही आणि पिकअपचा हाच आकडा १.० ते १.३ च्या मध्ये येतो, त्यामुळे कागदावर तरी ही छोटी गाडी त्यांच्यातल्या बहुतेकांपेक्षा सुरक्षित.

पण गाड्या सपाट रस्त्यावर उलटतच नाहीत हो. त्या घसरत घसरत कडेला जातात आणि तिथे चाक कशाला तरी अडतं, फुटपाथची कड, पावसाने मऊ झालेली साइडपट्टी, चर, बांध, आणि मग खालचा भाग जागच्या जागी थांबतो आणि वरचा भाग पुढे जायला बघतो. एका गाडीच्या अपघातात ज्या पलट्या होतात त्यातल्या जवळजवळ ९५ टक्के अशा अडून झालेल्या असतात, हाही एनएचटीएसएचाच आकडा. चाक असं अडलं की वरचा १.३ चा हिशोब फारसा कामाचा राहत नाही, कारण आता आडवा जोर टायरच्या पकडीवर अवलंबून नाही, मातीत रुतलेली रिम कितीही जोर देऊ शकते. म्हणून "माझी गाडी जमिनीला चिकटून चालते, ती कशाला पलटी होईल" असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं, रस्त्यावर नाही होणार, रस्ता सोडल्यावर होईल.

यात एक मोठा अपवाद आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे, कारण त्याचा आपल्याकडच्या एका गाडीशी थेट संबंध लागतो. ट्रायम्फ स्पिटफायर १९६२ ला आली ती ट्रायम्फ हेराल्डचीच चेसी छोटी करून, आणि हेराल्डचं मागचं सस्पेन्शन स्विंग अॅक्सल प्रकारचं होतं. म्हणजे डिफरेन्शियल (इंजिनाची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा) चेसीला घट्ट बसवलेलं, त्याच्यातून दोन्ही बाजूला अर्धे अॅक्सल निघतात, ते फक्त आतल्या टोकाला वर-खाली हलतात, आणि बाहेरच्या टोकाला चाक कायम काटकोनात. त्यामुळे अॅक्सल वर-खाली झाला की चाक तिरकं होतं. जोरात वळणात गेलात आणि मध्येच घाबरून अॅक्सिलरेटर सोडला की गाडीचा मागचा भाग उचलला जातो, बाहेरचं चाक खाली आत वळतं, टायर फक्त कडेवर उभा राहतो, आणि मागचा भाग अजून उचलला जातो. आता तो वरचा भागाकार परत बघा, चाकांमधलं अंतर कमी झालं आणि गुरुत्वमध्य वर गेला, दोन्ही गोष्टी एकाच क्षणी आणि दोन्ही वाईट दिशेला. पकड तर जातेच, पण पलटी व्हायची तयारीही गाडी स्वतःच करून ठेवते. १९७० च्या स्पिटफायर मार्क ४ मध्ये मागच्या पाट्याच्या स्प्रिंगची मांडणी बदलली, पाटे मध्यावर थोडे मोकळे सोडले आणि हे चाक दुमडणं बरंच आटोक्यात आलं. कोणी मार्क १ ते ३ मधली स्पिटफायर घेणार असेल तर रोल बारच्या, म्हणजे सीटमागच्या लोखंडी कमानीच्या, आधी मागच्या सस्पेन्शनकडे लक्ष द्या असंच मी म्हणेन. आणि आपल्याकडची गाडी म्हणजे मद्रासला बनणारी स्टँडर्ड हेराल्ड, मुंबई-पुण्यात ज्यांच्या घरी ती होती त्यांना घाटात वळणावर तिची मागची चाकं कशी तिरकी व्हायची ते आठवत असेल. पुढे १९७२ ची स्टँडर्ड गॅझेल आली तिच्यात स्विंग अॅक्सल काढून साधा सरळ अॅक्सल टाकला होता.

बरं, गाडी पलटी झाली. आत बसलेल्या माणसाला दोन गोष्टी मारतात. एक म्हणजे गाडीतून बाहेर फेकलं जाणं, आणि दुसरी म्हणजे डोकं आणि मान जमीन आणि गाडीच्या मध्ये सापडणं. १९५० च्या दशकातले कितीतरी रेसर बेल्ट लावायचेच नाहीत, त्यांचं म्हणणं असायचं की आगीत अडकण्यापेक्षा किंवा गाडीखाली चिरडण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं. त्या काळच्या गाड्यांना वर काहीच आधार नव्हता म्हणून ते त्यांना पटायचंही, पण फेकला गेलेला माणूस झाडावर, खांबावर, नाहीतर आपल्याच गाडीखाली जातो, आणि आज हे सगळं इतकं स्पष्ट आहे की त्यावर वाद नको. अडचण अशी की उघड्या गाडीत बेल्ट लावला आणि वर आधार नसेल तर दुसरा धोका जसाच्या तसा राहतो. म्हणून बेल्ट आणि रोल बार ही एकच वस्तू समजा, दोन तुकड्यात मिळणारी.

रेसिंगवाल्यांना हे आधी कळलं. फॉर्म्युला वनमध्ये १९६१ पासून ड्रायव्हरमागे रोल बार सक्तीचा झाला, सुरुवातीचे बार इतके बुटके होते की फोटोत ड्रायव्हरचं हेल्मेट त्यांच्या वर दिसतं, पण सुरुवात झाली. रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये पोर्शने १९६५ ला फ्रँकफर्टच्या शोमध्ये ९११ टार्गा दाखवली, सीटच्या मागे रुंद पक्की कमान असलेली, कारण अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी भीती तेव्हा सगळ्या कंपन्यांना होती. ट्रायम्फ स्टॅग १९७० ला आली ती टी आकाराच्या बारसकट. ट्रायम्फ टीआर ७ तर १९७५ ला चक्क बंद टपाचीच आणली. बंदी काही आली नाही, अमेरिकेत १९७३ पासून बंद गाड्यांच्या टपाला गाडीच्या वजनाच्या दीडपट दाब सोसायची अट आली पण कन्व्हर्टिबलना त्यातून सूट मिळाली. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये शेवटी असा बार आला जो एरवी लपलेला असतो आणि गाडी उलटायला लागली की क्षणात वर उभा राहतो. मिजेट आणि एमजीबी मात्र शेवटपर्यंत काहीही न लावताच विकल्या गेल्या.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. रोल बार म्हणजे सीटच्या मागे एक उलट्या यू आकाराची कमान आणि तिला मागून दोन तिरके आधार. रोल केज म्हणजे ती कमान अधिक काचेजवळ दुसरी कमान, दोन्ही जोडणारे वरचे पाइप, दरवाजाच्या बाजूचे पाइप, असा पूर्ण पिंजरा. ऐकायला पिंजराच जास्त सुरक्षित वाटतो ना? रेस ट्रॅकवर आहेच. पण रस्त्यावर, हेल्मेट न घालता, मिजेटसारख्या छोट्या गाडीत तो पिंजरा जीवघेणा ठरू शकतो, आणि तोही पलटीत नाही, साध्या धडकेत. कोणीतरी बाजूने किंवा पुढून ठोकलं की बेल्ट कितीही घट्ट असला तरी ताणला जातो, मान लांबते, डोकं चांगलं वीतभर सरकतं, आणि या गाड्यांमध्ये डोक्याच्या वीतभर अंतरात तो लोखंडी पाइप असतोच. शहरातल्या चाळीस-पन्नासच्या स्पीडला ज्या धडकेतून माणूस खरचटून उठला असता तीच धडक कवटी फोडू शकते. रेसिंगमध्ये हे चालतं कारण तिथे हेल्मेट आहे, डोक्याला बाजूने धरणारी सीट आहे, सहा पट्ट्यांचा हार्नेस आहे, मानेचा सपोर्ट आहे. यातलं काहीच न घेता नुसता पिंजरा उचलून रविवारच्या गाडीत बसवणं मला खरोखर काळजी करण्यासारखं वाटतं, आणि विकणारे हे स्पष्ट सांगत नाहीत याचा रागही येतो.

फोम लावला की झालं, असं कोणी सांगेल. नळावर गुंडाळायचा काळा मऊ फोम तर काहीच कामाचा नाही, बोटाने दाबून बघा, पाइप लगेच हाताला लागतो. एसएफआय (रेसिंगच्या सामानाचे दर्जे ठरवणारी अमेरिकेतली संस्था) ४५.१ किंवा एफआयए (मोटर रेसिंगची जागतिक संस्था) ८८५७-२००१ टाइप ए असा शिक्का असलेलं पॅडिंग वेगळं असतं, कडक असतं, पण ते मुळात हेल्मेट आपटेल असं गृहीत धरून केलंय. उघड्या डोक्यासाठी ते असलेलं चांगलंच, फक्त त्याच्या भरवशावर डोक्याजवळ पाइप आणू नका. म्हणून माझं मत सरळ आहे, रस्त्यावर चालवायच्या गाडीला चांगला रोल बार, आणि पिंजरा फक्त ज्या गाडीत हेल्मेटशिवाय कोणी कधीच बसणार नाही तिला.

रोल बार चांगला की नुसता दिसायला चांगला हे कसं ओळखायचं? पहिली गोष्ट उंची. अमेरिकेत एससीसीए या रेसिंग क्लबच्या नियमांत हेल्मेटच्या वर बार किमान दोन इंच हवा असं आहे, आणि ट्रॅक डेच्या ठिकाणी, म्हणजे लोक आपापल्या गाड्या रेस ट्रॅकवर पळवायला नेतात तिथे, झाडूच्या काठीची टेस्ट करतात, काठीचं एक टोक बारच्या माथ्यावर, दुसरं काचेच्या फ्रेमवर, आणि डोकं काठीच्या खाली राहिलं पाहिजे. पण मिजेट किंवा एमजीबीत काचेची फ्रेम दुमडणार हे आपण वर बघितलंच, मग उलटी गाडी टेकणार कशावर? मागे बारवर आणि पुढे काचेच्या तळाशी, बॉनेट संपतं तिथल्या पत्र्यावर. त्यामुळे काठी मनातल्या मनात काचेच्या तळाशी टेकवून बघा, रेषा एकदम तिरकी खाली जाते आणि डोकं तिच्या बाहेर यायला लागतं. यावरून दोन गोष्टी कळतात, बार डोक्याच्या वर चांगला जास्त हवा आणि डोक्यापासून फार मागे नको. आणि इथेच या गाड्यांची मोठी अडचण आहे, कापडी टप बंद व्हायला पाहिजे म्हणून बाजारातले बरेच बार बुटके केलेले असतात, उंच माणसाच्या डोक्याच्या खालीच राहतात. असा बार विकत घेण्याआधी गाडीत बसून कोणाकडून तरी मोजून घ्या. बार वर जात नसेल तर माणूस खाली जाऊ शकतो, सीटच्या खालचा फोम कमी करून किंवा सीटची पट्टी बदलून दोन-तीन इंच मिळतात, खर्च जवळजवळ काहीच नाही आणि उपयोग कुठल्याही महागड्या पाइपाइतकाच.

दुसरी गोष्ट पाइप. एफआयएच्या नियमात मुख्य कमानीला कोल्ड-ड्रॉन सीमलेस (थंड असताना ओढून केलेल्या, बिनसांध्याच्या) कार्बन स्टीलचा ४५ मिमी व्यासाचा आणि २.५ मिमी जाडीचा, किंवा ५० मिमीचा २ मिमी जाडीचा पाइप लागतो, बाकीच्यांना ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २. बेंडची त्रिज्या पाइपच्या व्यासाच्या किमान तिप्पट, कारण त्याहून तीव्र वाकवला की आतल्या बाजूला सुरकुत्या पडतात आणि पाइप पहिल्यांदा तिथेच मोडतो. पाण्याच्या लाइनचा जीआय पाइप किंवा फर्निचरचा पातळ पाइप बाहेरून रंगवला की हुबेहूब तसाच दिसतो, म्हणून एससीसीएच्या गाड्यांमध्ये बारला साधारण ५ मिमीचं एक भोक मुद्दाम पाडायला लावतात, तपासणारा माणूस त्यातून जाडी मोजतो. क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलचा पाइप, महाग आणि हलका असतो पण त्याचं वेल्डिंग नाजूक काम आहे, सांध्याच्या शेजारचा भाग ठिसूळ होऊ शकतो, साध्या गॅरेजमध्ये करायचं असेल तर साधं सीमलेसच बरं.

जोर किती येतो याचा अंदाज हवा असेल तर एफआयएच्या जुन्या नियमातले आकडे बघा, गाडीचं वजन अधिक ७५ किलो, त्याच्या साडेसातपट वरून, साडेपाचपट पुढून-मागून आणि दीडपट आडवा. ७०० किलोच्या स्प्राइटला लावून बघितलं तर वरून ५.८ टन होतात. नुसती कमान वरून बराच भार घेते पण आडवी ढकलली की चौकोनाचा तिरपा चौकोन होऊन पडते, म्हणून तिच्या आत एक तिरका पाइप हवा, आणि पुढे-मागे पडू नये म्हणून मागचे दोन आधार, तेही कमानीच्या माथ्याजवळून निघालेले, सरळ, आणि उभ्या रेषेपासून किमान ३० अंश कललेले. स्टाइल बार म्हणून जे चकचकीत दोन छोटे हूप (कमानी) मिळतात त्यांना यातलं काहीच नसतं, ते शोभेचेच असतात.

आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती म्हणजे हा बार उभा कशावर आहे. ५.८ टन शेवटी चार पायांतून पत्र्यात जातात आणि या गाड्यांचा फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरभर जाडीचा. चिखलात उभं राहायचं तर आपण पायाखाली फळी टाकतो, तसंच इथे पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला जाड प्लेट लागते, एफआयएच्या हिशोबाने किमान ३ मिमी जाडीची, मुख्य पायांखाली १२० चौरस सेंटीमीटरची, आणि त्या प्रत्येक मुख्य पायाला ८.८ ग्रेडचे किमान तीन एम ८ बोल्ट. प्लेट नसेल तर बोल्ट पत्रा फाडून बाहेर येतात आणि बार जसाच्या तसा शाबूत राहून गाडीत खाली घुसतो. त्यातून या गाड्या गंजतात. एमजीबी आणि मिजेटला वेगळी चेसी नाही, सगळी ताकद दरवाजाखालच्या सिलमध्ये आणि फ्लोअरमध्ये, आणि पाणी साचून पहिल्यांदा सडतं तेही तिथेच. बाहेरून नवीन पत्रा लावून रंग मारलेला सिल आतून पोकळ असू शकतो. म्हणून बार घ्यायच्या आधी कार्पेट उचला, टोकदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा, गंज निघाला तर आधी त्याचे पैसे खर्च करा, बार नंतर. स्पिटफायरला वेगळी चेसी आहे पण बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली, आणि लोटस एलानसारख्या फायबरच्या गाड्यांमध्ये बार चेसीपर्यंत नेलाच पाहिजे, फायबरला बोल्ट मारून उपयोग नाही.

पाया पक्का आणि वरचा भाग चुकीचा असंही होऊ शकतं. २०२२ च्या सिल्व्हरस्टोनच्या शर्यतीत झोऊ ग्वान्यूची अल्फा रोमिओ पहिल्याच वळणावर उलटी झाली आणि तिचा डोक्यावरचा रोल हूप तुटून गेला, त्याला वाचवलं ते २०१८ पासून सक्तीच्या झालेल्या हेलोने, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीच्या संरक्षक कड्याने. तो हूप एकाच खांबावर उभा असलेला, टोकदार प्रकारचा होता, आणि त्यानंतर एफआयएने हूपचा माथा गोलसर असावा असा नियम आणला, म्हणजे तो जमिनीत रुतून अडणार नाही. आपल्या गाडीलाही तेच लागू आहे, दोन्ही सीटच्या मागून जाणारी रुंद कमान मऊ मातीतसुद्धा कमी रुतते, फक्त ड्रायव्हरच्या मागचा अरुंद हूप जास्त, आणि शेजारी बसलेल्या माणसाला तर त्या अरुंद हूपचा काहीच आधार नाही.

बेल्टचं आता थोडक्यात. तीन पॉइंटचा चांगला रील बेल्ट रस्त्यासाठी उत्तम. चार किंवा सहा पट्ट्यांचा हार्नेस लावायचा असेल तर खांद्याच्या पट्ट्या खांद्यापासून मागे जवळजवळ सरळ गेल्या पाहिजेत, थोड्या खाली चालतील, म्हणून बारला आडवा पाइप असतो. बरेच लोक त्या पट्ट्या मागच्या फ्लोअरला बांधतात, ते फार वाईट, कारण धडकेत पट्टी ताणली की ती माणसाला खाली दाबते आणि सगळा जोर मणक्यावर येतो. आणि बार नसलेल्या गाडीत हार्नेस लावूच नका, तो तुम्हाला ताठ धरून ठेवतो, वाकायची सोयही ठेवत नाही. सुरुवातीच्या सीटना हेडरेस्ट नाही हेही लक्षात असू द्या, मागून कोणी ठोकलं की पाठ मागे जाते आणि डोकं थेट बारवर, त्यामुळे बार लावलात तर हेडरेस्टवाली सीट लावाच.

आपल्याकडे कोणी जुनी गाडी विंटेज म्हणून रजिस्टर करणार असेल तर २०२१ च्या केंद्राच्या नियमात गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपातली हवी, चेसी किंवा बॉडीत मोठा बदल चालत नाही. वेल्डिंग केलेला पिंजरा तिथे अडचणीचा ठरणार, बोल्टने लावलेल्या बारबद्दलही आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं.

आणि उलटी झालेली गाडी फक्त माणसाला चिरडत नाही, पेट्रोलही सांडते. एसयू कार्बोरेटरच्या फ्लोट बाऊलमधलं, म्हणजे त्याच्या छोट्या वाटीतलं, पेट्रोल उलटं झालं की बाहेर येतं, इलेक्ट्रिक पंप इग्निशन चालू असेपर्यंत पेट्रोल ढकलत राहतो, टाकीच्या झाकणाच्या आणि हवेच्या नळीतून गळतं. स्पिटफायरची टाकी तर सीटच्या अगदी मागे डिकीत आहे, बारचे मागचे आधार तिच्या शेजारून जातात, तिथे भोकं पाडताना टाकी काढूनच काम करा. सुरुवातीच्या एमजीबीत सीटमागे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, त्या पट्टीने नीट आवळलेल्या हव्यात, नाहीतर त्याच सुटून ठिणगी पाडतात. धक्का बसला की पंप बंद करणारा इनर्शिया स्विच कितीतरी साध्या पेट्रोल गाड्यांमध्ये असायचा, तो स्वस्तात मिळतो आणि अर्ध्या दिवसात लागतो. टाकीच्या हवेच्या नळीत उलटं झाल्यावर बंद होणारा व्हॉल्व्ह टाका. आणि दर वर्षी गाडी बाहेर काढताना बारचे बोल्ट टॉर्क रेंचने तपासा, प्लेटच्या कडेला गंज फुटलाय का बघा, हार्नेसवरची तारीख बघा, एफआयएचा हार्नेस पाच वर्षांनी बाद होतो, उन्हाने पट्टी आतून कमजोर झालेली असते आणि ती बाहेरून दिसत नाही.